शाईचा ओघ आणि पाठाचा दोष

मराठी समीक्षेत ‘ओघ’ हा शब्द इतक्या सैलपणे वापरला जातो की त्याचा संबंध मुळात वाहत्या द्रवाशी आहे, याचे आपल्याला भान उरलेले नाही. ‘ओघवती शैली’, ‘निवेदनाचा ओघ’, ‘ओघाने आलेला उल्लेख’ ही पदे आम्ही उत्तरपत्रिकांत दरवर्षी वाचतो आणि क्वचित स्वतःही लिहितो. ओघ खंडित झाला असे आपण म्हणतो तेव्हा तो कोठे खंडित झाला, उगमाशी की वाटेत की मुखाशी, असा प्रश्न मात्र सहसा विचारीत नाही. हा प्रश्न शब्दशः विचारण्याची वेळ आमच्यावर एका छपाईयंत्रासमोर आली. त्यातून जो पाठचिकित्सेचा पेच उभा राहिला तो साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम निमित्त सांगतो. आमच्या महाविद्यालयात १९६८ ते १९८१ या काळात मराठी विभागाचे हस्तलिखित वार्षिक निघत असे. त्यांपैकी नऊ अंक ग्रंथालयाच्या माळ्यावर सापडले. मुखपृष्ठे जलरंगातील, मजकूर टाकाने लिहिलेला, बांधणी दोऱ्याची. २०२५च्या मराठी भाषा गौरव दिनाला, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी २७ फेब्रुवारीस, या अंकांतील निवडक पाने मोठी करून त्यांचे प्रदर्शन मांडावे असे आम्ही दोघांनी ठरविले. आदल्या वर्षी, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला होता. अभिजाततेच्या त्या उत्साहात तालुक्याच्या गावची मुले पन्नास वर्षांपूर्वी काय लिहीत होती हेही लोकांनी पाहावे, असे आम्हांस वाटत होते.

पाने स्कॅन झाली. दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच असे फलक विनाइलवर छापून सनबोर्डावर चिकटवायचे ठरले. आमचा एक माजी विद्यार्थी गावात डिजिटल छपाईचे दुकान चालवितो. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला त्याने आमच्याकडे मराठी घेतले होते. त्याचे वडील पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवीत. फ्लेक्स आल्यावर ते काम संपले आणि मुलाने फ्लेक्सच्याच धंद्यात पाय रोवले. त्याच्याकडे सहा फूट रुंदीचे, इको-सॉल्व्हंट शाईवर चालणारे एक जुने यंत्र आहे. दिवसा वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे फलक, रात्री आमचे काम, अशी वाटणी त्याने करून दिली.

या यंत्राची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सारा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. शाई मागच्या टाक्यांतून बारीक नळ्यांनी पुढे येते. नळीच्या टोकाशी डॅम्पर नावाची प्लास्टिकची छोटी डबी असते. तिच्यात जाळी असते आणि शाईच्या हेलकाव्यांचे धक्के ती पोटात घेते. डॅम्परातून शाई हेडमध्ये जाते. या यंत्राच्या हेडला छिद्रांच्या आठ ओळी, प्रत्येक ओळीत एका इंचात १८० छिद्रे, म्हणजे एकूण १४४० छिद्रे. चार रंगांना दोन दोन ओळी. छिद्राचा व्यास केसापेक्षाही पुष्कळ लहान. छिद्रामागे विजेच्या दाबाने आकार बदलणारा स्फटिक असतो. क्युरी बंधूंनी १८८० साली दाखविलेल्या गुणधर्माची, म्हणजे दाब दिल्यावर स्फटिकात वीज निर्माण होण्याची, ही उलट बाजू. स्फटिक आक्रसला की काही पिकोलिटरचा थेंब उडतो, आणि असे शंभर कोटी पिकोलिटर एका मिलिलिटरात मावतात.

यात आम्हांस सर्वांत विस्मयकारक वाटलेली गोष्ट दाबाची. शाई छिद्रातून बाहेर पडण्यास उत्सुक असता कामा नये. तिच्यावर किंचित मागे ओढणारा दाब ठेवावा लागतो. त्यामुळे छिद्राच्या तोंडाशी तिचा पृष्ठभाग आत वळलेला राहतो. ओढ कमी पडली तर शाई गळू लागते; जास्त झाली तर छिद्रातून हवा आत शिरते आणि ओघ तुटतो. लेखनातल्या संयमाशी याची तुलना करण्याचा मोह येथे होतो. तो आवरून पुढे जातो.

पहिल्या रात्री तीन फलक शेजारी शेजारी छापावयास लावले. प्रत्येक फलकाच्या माथ्यावर काळी पट्टी आणि तीवर पांढऱ्या अक्षरांत अंकाचे वर्ष, अशी आमची मांडणी होती. पट्टी ठसठशीत उमटली. पण तिच्याखालचा मजकूर जसजसा पुढे सरकला तसतसा काळा रंग विरत गेला. शिवाय काही ठिकाणी शिरोरेषाच गायब होती.

शिरोरेषेची गोष्ट येथे जरा थांबून पाहण्यासारखी आहे. यंत्राचे हेड कागदाच्या रुंदीवर डावी-उजवीकडे धावते आणि प्रत्येक छिद्र आपापली आडवी रेघ ओढते. त्यामुळे एखादे छिद्र बुजले की छपाईत जी पांढरी फट पडते तीही आडवीच पडते. रोमन अक्षरांत अशी फट अनेक उभ्या रेघांना ओलांडून जाते आणि डोळा ती भरून काढतो. देवनागरीत ती नेमकी शिरोरेषेवर पडली, तर बारीक अक्षराची संपूर्ण ओळ बोडकी होऊ शकते. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांतला भेद अनेकदा शिरोरेषेच्या तुटण्याजोडण्यावरच असतो. हेड एकाच पट्ट्यावरून जितक्या अधिक वेळा फिरेल तितकी ही फट दुसऱ्या छिद्रांच्या रेघांनी झाकली जाते. म्हणून बारीक मजकुराला वेग कमी आणि फेरे जास्त ठेवावे लागतात. आपली लिपी यंत्राच्या चालीला समांतर आहे आणि म्हणून त्याच्या दोषाला अधिक उघडी आहे, हे लिपीविषयी इतकी वर्षे शिकवूनही आमच्या ध्यानी येण्याचे कारण पडले नव्हते.

दोष दिसल्यावर आमच्या विद्यार्थ्याने यंत्राला हात लावला नाही. त्याने प्रथम तपासणीची छापपट्टी काढली. या पट्टीत प्रत्येक छिद्र आपली एक छोटी रेघ पायरीपायरीने ओढते. जी रेघ नाही ते छिद्र बंद. पट्टी एकदा काढून त्याचे समाधान झाले नाही. त्याने ती तीनदा काढली आणि तिन्ही एकमेकींशेजारी ठेवल्या. “सर, एका पट्टीवरून काहीच कळत नाही,” तो म्हणाला. “रिकामी जागा तीच राहते की हलते, ते बघायचं.”

त्याचे वर्गीकरण असे. रिकामी जागा प्रत्येक वेळी तीच असेल तर छिद्रात शाई वाळली आहे किंवा त्या छिद्राची वीज गेली आहे. रिकाम्या जागा दर वेळी बदलत असतील तर शाईत हवा शिरली आहे. रेघ आहे पण वाकडी पडते, तर छिद्राच्या तोंडाशी धागा किंवा वाळलेली कपची चिकटली आहे. आणि पट्टी पूर्ण येते, पण भरीव रंग छापताना हळूहळू फिकट होतो व थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा गडद होतो, तर छिद्रे निर्दोष आहेत. त्यांच्यापर्यंत शाई पुरेशा वेगाने पोचत नाही. आमच्या फलकांवर दोन दोष एकत्र नांदत होते. दोन छिद्रे कायमची बंद होती, आणि माथ्यावरच्या काळ्या पट्टीने शाई ओढून घेतल्यावर खालच्या अक्षरांची उपासमार होत होती.

दुरुस्तीचा क्रमही लक्षात घेण्याजोगा होता. फिकट छापले की हेड धुण्याची आज्ञा देत सुटणे ही नवशिक्याची रीत. प्रत्येक धुण्याला शाई वाया जाते, आणि वाटेत अडथळा असेल तर पंपाच्या ओढीने उलट हवाच आत येते. तो टाकीकडून तोंडाकडे आला. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र मोकळे आहे का, हे प्रथम पाहिले. ते बुजले तर टाकीत पोकळी होऊन शाई अडते. मग नळी कोठे दुमडली आहे का हे पाहिले. मग डॅम्पर. काळ्याचा डॅम्पर अर्धाच भरलेला होता. त्याने तो काढून उजेडासमोर धरला, तेव्हा जाळीवर राळेचा थर दिसला आणि सांध्यातील रबरी कडी वाळून कडक झालेली आढळली. जाळीमुळे शाई कमी येत होती आणि कडीतून हवा शिरत होती. दोन्ही बदलले. मग हेड विसावते त्या टोपीत त्याच जातीच्या शाईचे धुण्याचे द्रावण भरून पंप चालविला. द्रावण खेचले गेले, म्हणजे टोपी आणि पंप ठीक. येथे पाणी वापरले असते तर सॉल्व्हंट शाईचा गाळ झाला असता. बंद छिद्रे द्रावणात रात्रभर भिजत ठेवली. सकाळी एक उघडले, एक उघडले नाही. न उघडलेल्याची भरपाई फेरे वाढवून करावयाची ठरली. सर्वांत महाग वस्तू हेड, म्हणून तिच्यापर्यंत सर्वांत शेवटी जायचे, हा त्याच्या धंद्याचा नियम. नवे हेड घेणे म्हणजे त्याची कित्येक महिन्यांची मिळकत.

दुसऱ्या रात्री फलक स्वच्छ उतरू लागले. एक पान मात्र सुधारेना.

ते पान १९७३च्या अंकातले. त्या अंकाचे बहुतेक लेखन एकाच सुवाच्य हाताचे आहे, पण हा दोन पानी लेख त्याच्या लेखिकेने स्वतः लिहिलेला दिसतो. विषय १९७२च्या दुष्काळाचा. पाझर तलावाचे काम, खडीचे ढीग, मुलांना मिळणारी सुकडी, हजेरीच्या रांगेत उभी असलेली आई. रोजगार हमीचा कायदा व्हायला अजून चार वर्षे होती. ही मुलगी सुटीत स्वतः खडी फोडून महाविद्यालयात परतली होती. लेखात कोठेही तक्रारीचा सूर नाही. दुसऱ्या पानाच्या अखेरीस एक वाक्य आहे: घरची गाय, तिचे नाव, आणि पुढे क्रियापद. आमच्या छापात ते क्रियापद ‘गेली’ असे दिसत होते. त्यानंतर एवढेच की गोठा आता मोकळा आहे.

अडचण अशी की या पानावरील अक्षरे दोनतीन शब्दांमागे विरत जात होती आणि पुन्हा गडद होत होती. काही अक्षरांच्या मधोमध पांढरी फट होती. उपासमारीचे आणि बंद छिद्राचे, दोन्ही दोषांचे हुबेहूब लक्षण. पडद्यावरील प्रतिमेत थोडा फिकटपणा होता, पण पडदा उजेडाने दाखवितो आणि विनाइल शाईने. त्यामुळे मूळचा किती आणि यंत्राचा किती, हे पडद्यावरून ठरेना. मूळ अंक महाविद्यालयाच्या कपाटात बंद. आणि ‘म’चा मधला आडवा दांडा तेवढा उमटला नाही तर उरतो तो ‘ग’. बंद छिद्र नेमका आडवा दांडाच खाते. गाय गेली की मेली, हे एका छिद्रावर अवलंबून होते.

त्याने पान नव्वद अंशांत फिरविले आणि पुन्हा छापले. एवढेच. दोष यंत्राचा असेल तर तो यंत्राबरोबर राहील. पान फिरले तरी फट हेडच्या चालीलाच समांतर पडेल आणि आता उभ्या रेघा खाईल. दोष पानाचा असेल तर तो पानाबरोबर फिरेल. तो पानाबरोबर फिरला. तीच अक्षरे फिकट, त्याच ठिकाणी फट, आणि क्रियापद ‘गेली’च.

त्याचे वडील कोपऱ्यात बसून हे पाहत होते. फिरविलेला छाप पाहण्यापूर्वीच, पहिल्या छापावर बोट ठेवून ते म्हणाले, “मॅडम, हे मशीनचं नाही. कान्याला बघा, उभी चीर आहे. मशीन आडवं कापतं. हा टाक कोरडा झालाय, जीभ फाकलीये.” टाकाच्या निबाला मधोमध चीर असते. शाई भरपूर असते तेव्हा दोन्ही पात्यांमधील जागा तीच भरून काढते; शाई संपत आली की दोन पात्यांच्या दोन समांतर रेघा तेवढ्या उरतात आणि मध्ये पांढरे दिसते. आम्ही पाहिले. उभा काना खरोखरच लांबीच्या दिशेने चिरलेला होता, आणि तसा चिरणे त्या यंत्राच्या बंद छिद्राला शक्य नव्हते. मुलाने प्रयोगाने जे सिद्ध केले ते बापाने अक्षराच्या अंगावरून वाचले होते.

मराठीच्या अभ्यासकांना यात एक ओळखीची पद्धती दिसली असेल. पाठचिकित्सेत दोषाचे मूळ शोधावे लागते. हा शब्द ग्रंथकर्त्याचा की लेखनिकाचा? लेखनिकाचा असेल तर कितव्या पिढीतल्या? एकच दोष अनेक प्रतींत आढळला तर त्या प्रतींची आई एक असावी असे अनुमान निघते. दोष एकाच प्रतीत असेल तर तो त्या हाताचा. वि. स. सुकथनकर यांनी भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या आदिपर्वाला १९३३ साली जी प्रस्तावना जोडली तिचा, आणि सु. मं. कत्रे यांच्या १९४१ सालच्या पाठचिकित्साविषयक पुस्तकाचा, पाया असाच तर्क आहे. छापपट्ट्या शेजारी ठेवून ‘जागा हलते की राहते’ हे पाहणारा आमचा विद्यार्थी प्रतींची तुलनाच करीत होता. पान फिरविणे म्हणजे तोच पाठ मुद्दाम वेगळ्या वाटेने उतरवून घेणे. दोन वाटांनी आलेला दोष सारखाच निघाला, तर तो वाटेचा नव्हे.

आपल्याकडे या शास्त्राची निकड जुनी आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती प्रतींत पाठभेद माजले होते म्हणूनच. राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची आणखी जुनी मानलेली प्रत छापली तेव्हा जुने रूप कोणते आणि लेखनिकाची लकब कोणती, हाच वाद पेटला. आम्ही ही प्रकरणे वर्गात शिकवितो. पण विद्यार्थ्याच्या मनात पाठभेद म्हणजे काही शतकांपूर्वी घडून गेलेली आणि छापखाना आल्यावर संपलेली गोष्ट, अशी समजूत असते. वस्तुतः प्रत्येक नवे उतरविणे, मग ते बोरूने असो, खिळ्यांनी असो की छिद्रांनी, आपापले दोष घेऊन येते. लेखनिक ओळ गाळतो, जुळारी उलटा खिळा लावतो, हेड शिरोरेषा खाते. दोषाचा आकार साधनावरून ठरतो. म्हणून साधन माहीत असल्यावाचून दोष ओळखता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मूळ पान भिंगाखाली पाहिले. पेंटरकाकांचे निदान अक्षरशः खरे होते. जोड-रेघा सर्वत्र होत्या. लेखिकेने टाक कोठे कोठे बुडविला हे मोजता येत होते. पहिल्या पानावर साधारण तीन शब्दांना एक बुडी. दुसऱ्या पानाच्या शेवटच्या परिच्छेदात मात्र ती सात-आठ शब्द न थांबता लिहीत गेली आहे, शाई जवळजवळ संपेपर्यंत, आणि गायीचे वाक्य नेमके त्या कोरड्या टोकावर आहे. यावरून तिच्या मनःस्थितीविषयी काही सांगावे असे आम्हांस वाटत नाही. हस्तलिखित अंकातील पान म्हणजे सुवाच्य प्रत. लेख तिने आधी कच्चा लिहिला असेल आणि येथे केवळ उतरविला असेल. दौत आटली असेल, उशीर झाला असेल. तथापि ती जागा आहे, आणि ती छापील अक्षरांत कधीच दिसली नसती.

क्रियापदाचा निर्णय मात्र भिंगानेही झाला नाही. तिरप्या उजेडात पाहिले असता, जेथे ‘म’चा आडवा दांडा यावा तेथे कागदावर एक ओरखडा दिसतो. कोरड्या निबाचा तो असू शकतो. पण त्याच जागेवरून कागदाची जुनी घडीही गेली आहे आणि ओरखडा घडीच्या दिशेतच आहे. आमच्यापैकी एक तेथे ‘मेली’ वाचते, दुसरा ‘गेली’. मराठीत ‘गेली’ म्हटल्याने मृत्यू वगळला जात नाही. गाय छावणीत गेली, बाजारात गेली किंवा मेली, हे सारे त्या एका क्रियापदात मावते. ‘मेली’ने मात्र बाकीचे दरवाजे बंद होतात. लेखाच्या संयत सुराला ‘गेली’ साजते, असा एक युक्तिवाद. इतका संयम राखून आलेल्या मुलीने येथे एकदाच उघडा शब्द वापरला असावा, असा दुसरा. दोन्ही युक्तिवाद आम्ही एकमेकांना अनेकदा ऐकविले आहेत. लेखिकेचे नाव अंकात आहे, पण तिचा पुढचा ठावठिकाणा आमच्या नोंदवहीत नाही.

तेवढ्यात विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे एक सोय देऊ केली. “अक्षर डार्क करून देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे.” प्रदर्शनाच्या दृष्टीने ती सूचना वावगी नव्हती. तीन फुटांवरून वाचणाऱ्या माणसाला मजकूर वाचता आला पाहिजे, हा त्याचाही हक्क आहे. न वाचता येणारा दस्तऐवज भिंतीवर टांगून आपण कोणता आदर व्यक्त करतो, असा आमच्यातल्या एकीचा रोकडा सवाल होता. पण अक्षर गडद करणे म्हणजे जी रेघ आहे तिला बळ देणे आणि जी धूसर आहे तिला कायमचे पुसणे. संगणकाला ‘कदाचित’ गडद करता येत नाही. त्या दोन मिनिटांत तो ओरखडा पांढऱ्यात जमा झाला असता आणि पुढच्या प्रत्येक वाचकासाठी ‘गेली’ हा एकमेव पाठ झाला असता. तोही कोणी ठरविल्यावाचून.

अखेर संपादनशास्त्राने पूर्वीच शोधून ठेवलेला मार्ग आम्ही पत्करला. पान जसे आहे तसे छापले, आणि त्याच्याखाली टंकलिखित संहिता दिली. संहितेत त्या जागी ‘गेली’ घातले आणि लगेच कंसात ‘किंवा मेली’ असे नोंदविले. फलकावर असा कंस पाहून काहींना आश्चर्य वाटले. एका प्राध्यापक मित्रांनी ‘शेवटी काय ते एक ठरवायचे होते’ असेही म्हटले. प्रदर्शनाला आलेल्या वृद्ध स्त्रियांपैकी काही जणी त्या फलकासमोर अधिक वेळ उभ्या राहिल्या. त्यांच्यातली एक म्हणाली, “तेव्हा गेली म्हणायचं, म्हणजे समजून घ्यायचं.” हा पुरावा म्हणून धरता येत नाही, पण बोलीच्या वापराची ती साक्ष आहे आणि आम्ही ती टिपून ठेवली आहे.

या निमित्ताने एक खंत नोंदविणे भाग आहे. शाई हा आपल्या वाङ्मयाभ्यासाचा विषयच नाही. काजळ आणि डिंक एकत्र खलून केलेली पोथीची शाई म्हणजे द्रवात तरंगणारे कार्बनचे कण. आजच्या यंत्रातील काळ्या शाईचाही रंग कार्बनच्याच कणांचा आहे, आणि दोहोंचा जुना शत्रू म्हणजे कण खाली बसणे. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग छापले तेव्हा त्यांना शाईपासून सारी सिद्धता स्वतः करावी लागली. धर्मग्रंथ छापताना शाईत चरबीऐवजी तूप घातल्याचे उल्लेख मुद्रणाच्या इतिहासात येतात. म्हणजे ग्रंथ पवित्र की अपवित्र, हा निवाडा एका काळी शाईच्या घटकांवर होत होता. साठच्या दशकातील काही लघुअनियतकालिके सायक्लोस्टाइलवर निघाली. त्यांच्या बंडखोरीवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, पण स्टेन्सिलवर अक्षर कोरण्याच्या मर्यादेने त्यांच्या मांडणीचे काय केले, यावर त्या मानाने फारच थोडे. संहिता ही शब्दांची असते हे खरेच. पण ती आपल्या हाती येते ती कोणत्या तरी द्रवातून, कोणाच्या तरी हाताने. त्या हाताला आपण ‘तांत्रिक बाजू’ म्हणून बाजूस सारतो.

पाठचिकित्सेचा घटक आम्ही आता थोडा वेगळ्या रीतीने सुरू करतो. ज्ञानेश्वरीच्या प्रतींकडे वळण्यापूर्वी विद्यार्थ्यांसमोर तीन छापपट्ट्या ठेवतो आणि कोणती रेघ कायम गैरहजर आहे, कोणती जागा बदलते, कोणती फक्त वाकडी आहे, हे शोधावयास सांगतो. दहा मिनिटांत ती मुले दोषांचे वर्ग पाडू लागतात, नावे आम्ही नंतर सांगतो. मग त्या पानाची छायाप्रत वाटतो, आणि क्रियापदाविषयी मत मागतो. वर्ग जवळजवळ निम्मा निम्मा विभागला जातो. यंत्र आमच्या विद्यार्थ्याच्या दुकानात चालू आहे. ते एक छिद्र अद्याप बंदच आहे आणि बारीक मजकूर आला की तो फेरे वाढवितो.